तीन नको, सहा टक्के

हात वर केला तर नोकरी जाणार आणि खाली ठेवला तर घर, अशी डोर्ली स्ट्यूसीची अवस्था झाली होती, आणि हे सगळं एका बसमुळं.

दुरुस्ती. (रोझमारी, बेकरीवाली, उभी राहून.) घर जाणार नव्हतं. घर तिच्याच नावावर राहणार होतं. फक्त तिथं झोपायला जाता येणार नव्हतं.

मान्य. पुढं.

दुरुस्ती. (पुन्हा रोझमारीच.) आणि बस कुणाची ते सांग की.

माझी. म्हणजे सरकारची, पण चालवतो मी, थीस हेफ्टी. पिवळी बस, खालच्या स्टेशनापासून वर एनेटबाखपर्यंत आणि परत.

आमच्या खोऱ्याची ही खोड बाहेरच्यांना जड जाते. वर्षातून एकदा, मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी, आम्ही सगळे चौकातल्या लाकडी रिंगणात उभे राहतो आणि कायदे करतो. कुणीही बोलावं, कुणीही दुरुस्ती सुचवावी. मग प्रत्येकानं आपलं कार्ड वर धरायचं, भर उजेडात, बायकोच्या, सासूच्या, मालकाच्या आणि कर्ज देणाऱ्या बँकवाल्याच्या डोळ्यांदेखत. बाकीचं जग पडद्यामागं जाऊन मत देतं. आम्हाला ते चोरून खाल्ल्यासारखं वाटतं. तर ही सवय अंगात इतकी मुरली आहे की साधी गोष्ट सांगायला बसलं तरी कुणीतरी उभं राहतंच. त्याला इलाज नाही. रोझमारीला तर मुळीच नाही.

तर डोर्ली. वय चव्वेचाळीस, राहणार एनेटबाख, काम खाली हेर, म्हणजे आपले श्रीयुत, टीडेमान यांच्या बंगल्यात स्वयंपाक आणि घर सांभाळणं. संध्याकाळी जेवणाची भांडी आवरून झाली की ती माझी सातची शेवटची बस पकडायची. माझ्या मागच्या सीटवर बसून बूट काढायची आणि दिवसभराचा टीडेमान मला ऐकवायची. मग रिंगणाच्या आदल्या शरद ऋतूत सरकारनं एका बैठकीत दोन निर्णय घेतले. पहिला: मोठ्या कमाईवरचा कर थोडा उतरवायचा, म्हणजे मोठी कमाई आमच्याकडे राहायला येईल. दुसरा: खजिन्यात पैसा नाही, सबब वरच्या गावांच्या संध्याकाळच्या बस पुढच्या वर्षाच्या अखेरीस बंद. दोन्ही निर्णय एकाच कागदावर छापले होते, मागे आणि पुढे. कागद वाचवला.

(इथं त्या दिवशीच्या हवामानाचं वर्णन होतं. तहकूब.)

आता हेर टीडेमान. जगात कुठंही कुणी चालता चालता कॉफी प्यायलं की यांच्या खिशात काहीतरी पडतं, कारण कागदी कपांवरची ती चोच असलेली झाकणं यांच्या कारखान्यात होतात. स्वतः चहा पितात, चिनीमातीच्या कपातून, बसून. मूळचे हॅम्बुर्गचे. आमच्याकडे आले ते डोंगर बघायला असं ते सांगतात. डोंगर हॅम्बुर्गपासून इथवर वाटेत इतरही लागतात, पण त्यांच्या पायथ्याला कर जास्त आहे. माणूस वाईट नाही. दारू बेताची, आवाज कमी, बूट पुसून आत येणार. त्याच वर्षी त्यांनी नागरिकत्व मागितलं आणि आम्ही दिलं. हिरव्या चीजचा वास सहन होतो का, हे विचारलं होतं. झाला सहन. डोर्ली नऊ वर्षं त्यांना तेच चीज घालून मॅकरोनी करून घालत होती, वर सफरचंदाचा गोड लगदा.

बस बंद होणार हे कळल्यावर टीडेमान मोठ्या मनानं म्हणाले, "डोर्ली, गॅरेजच्या वर खोली रिकामीच आहे. तिथं राहा. गरम पाणी चोवीस तास."

"गरम पाणी माझ्याकडेपण आहे, हेर. आणि माझ्या खिडकीतून दुसऱ्याच्या गाडीचं छप्पर दिसत नाही."

"भाडं नाही घेणार."

"तेच तर. भाडं न देता राहिलं की सकाळी सहाला कुणीही दार ठोठावतं."

त्या संध्याकाळी बसमध्ये तिचा पारा इतका चढला होता की वळणावर काच धुरकटली. मी म्हटलं, "मग बाई, मला काय ऐकवतेस? रिंगणाला लिहून दे." मी आपला गप्प करायला म्हटलं. तिनं लिहून दिलं. चार ओळी. पाच लाख फ्रँकच्या वर जितकी कमाई असेल तितक्यावर आणखी तीन टक्के कर, आणि त्यातून वरच्या गावांच्या बस. खाली एकच सही.

आमच्याकडे एका सहीचंही सरकारला उत्तर द्यावं लागतं. सरकारनं छापील उत्तर दिलं: सूचना समजण्याजोगी आहे, भावना रास्त आहेत, तथापि अशी भीती आहे की संबंधित व्यक्ती निघून जातील.

निघून जातील. हे दोन शब्द हिवाळाभर खोऱ्यात घुमत होते. दुधाच्या डेअरीत, चर्चच्या पायऱ्यांवर, न्हाव्याकडे. कोण निघून जातील? ते. ते म्हणजे कोण? नावं कुणालाच माहीत नाहीत, एक टीडेमान सोडले तर. कुठं जातील? डोंगरापलीकडे, शेजारच्या प्रांतात, तिथं कर इतका कमी की म्हणे तळ्याकाठी उभं राहिलं तरी कुणीतरी श्रीमंत अंगावर पडतो. लोक कुजबुजत बोलायचे, घरात आजारी माणूस असल्यासारखे. रस्त्यात टीडेमानांची गाडी दिसली की म्हातारे टोपी काढायचे. राहिला आहे अजून. बरं आहे.

दुरुस्ती. (रोझमारी.) मी टोपी काढली नाही.

तू टोपी घालत नाहीस. पण फुकटची पेस्ट्री कुणी पाठवली होती बंगल्यावर? बदाम आणि आलुबुखारा, दोन्ही भरून?

(दुरुस्ती मागे घेण्यात आली.)

पुढचं मला डोर्लीनं बसमध्ये सांगितलं, तुकड्या-तुकड्यानं. जागा: बंगल्याचं स्वयंपाकघर. ती बटाटे सोलते आहे. ते दारात उभे आहेत.

"डोर्ली, तू माझ्यावर कर लावते आहेस."

"तुमच्यावर कुठं? पाच लाखांच्या वर जे कोणी असतील त्यांच्यावर."

"तो मीच."

"मग तुमच्यावर."

"मी तुला कामावरून काढणार नाही. मी तसला माणूस नाही. तू हात वर कर, खुशाल कर. फक्त तो कायदा झाला तर मी डोंगरापलीकडे जाईन. घर बंद होईल. बंद घराला स्वयंपाकीण लागत नाही. यात राग नाही, हिशेब आहे."

"कळलं."

"कळलं ना? मग आता मला बोलायला शिकव."

कारण टीडेमानही रिंगणात बोलणार होते. पहिल्यांदाच. आणि हॅम्बुर्गच्या उच्चारात सुरुवात केली तर लोक हसतील, हे त्यांना ठाऊक होतं. आमच्याकडे सुरुवात ठरलेली असते: "अतिविश्वासू, प्रिय देशबांधवांनो." ती आमच्याच बोलीत यावी लागते, घशातून, कफ अडकल्यासारखी. तर रोज जेवणानंतर शिकवणी सुरू झाली. आणि एकदा शिकवणी सुरू झाली म्हटल्यावर डोर्लीनंही आपलं भाषण तिथंच घोकायला घेतलं. दुसरी जागा नव्हती.

"अतिविश्वासू..."

"अहो, घसा, घसा! ओठांनी नाही."

"अतिविश्वासू."

"आता मासा अडकल्यासारखं वाटतंय. बरं आहे. तसंच ठेवा."

"तुझं म्हण."

"अतिविश्वासू, प्रिय देशबांधवांनो. मी वरच्या गावची. उद्या आमच्या गावात संध्याकाळी सहानंतर जायचं तर पाय लागतील किंवा गाडी. ज्यांच्याकडे गाड्या आहेत त्यांनी..."

"थांब. तिसरं वाक्य कच्चं आहे. 'ज्यांच्याकडे' म्हटलंस की हेवा वाटतो. 'आपण सगळे मिळून' म्हण."

"सगळे मिळून कुठं? तुम्हीच तर देणार."

"म्हणूनच. ऐकायला बरं वाटतं."

तिनं वाक्य बदललं. मला सांगताना ती हसत होती. "थीस, वाक्य खरंच सुधारलं रे. माणूस हुशार आहे." मग बूट काढता काढता बोलली, "चीज वाढताना वाटतं, आपण कुणाच्या ताटात काय वाढतोय. हात वर केला की नोकरी गेली. नाही केला की गॅरेज. तू काय करशील?"

मी म्हटलं, मी पुढं बघून गाडी चालवीन.

(यानंतर एक परिच्छेद होता. त्यात डोर्लीबद्दल माझं वैयक्तिक मत होतं. तो बहुमतानं वगळण्यात आला, माझ्या बायकोच्या सूचनेवरून.)

मे. रविवार. ऊन. रिंगण भरलेलं. शाळेची पोरं नेहमीप्रमाणे मध्ये, मंचाच्या पायाशी बसलेली. यंदाचं कार्ड संत्र्याच्या सालीच्या रंगाचं. मंचावर खोऱ्याचा प्रमुख, ज्याला आम्ही लांडामान म्हणतो, मोठ्या तलवारीवर दोन्ही हात टेकून उभा. तलवारीनं कुणाला कधी मारल्याचं ऐकिवात नाही. पाय दुखत असतील तर टेकायला बरी. डोर्ली माझ्या उजव्या हाताला, तिच्या पलीकडे टीडेमान, नवा कोट, नवं कार्ड. डोर्ली सकाळी बंगल्यावर कांदे चिरायला गेली होती, तिथून ते एकत्रच आले होते, त्यांच्याच गाडीतून. ती पुढच्या सीटवर बसली होती.

आधी कुत्र्यांचा पट्टा आणि नदीचा बांध हे दोन कायदे झाले. मग डोर्लीची सूचना.

पहिला बोलला एक तरुण वकील. केस मागं फिरवलेले. "भांडवल म्हणजे लाजरं हरीण आहे, देशबांधवांनो. जरा आवाज झाला की पळालं. मी विनंती करतो, सूचना फेटाळा."

मग मेल्क र्‍हायनर उठला, एनेटबाखच्याही वरच्या कुरणांवरचा शेतकरी, शिकारी, दाढीत गवत. "लाजरं हरीण," तो म्हणाला, आणि दाढीतली एक काडी उपटून टाकली. "पोरा, तू हरीण कुठं बघितलंस? पुस्तकात? माझ्या वाफ्यात रोज येतंय. मी ओरडतो. ते मान वर करून माझ्याकडे बघतं. मी दगड मारतो. ते कोबी बदलतं. कोबी चांगला असला की हरीण कुठं जात नाही, सांगून ठेवतो. सूचना मंजूर करा."

रिंगणात टाळ्या वाजवत नाहीत, पण कार्डांची सळसळ झाली. मी डोर्लीकडे बघितलं. ती खिशातला भाषणाचा कागद चुरगळत होती. तीन टक्के मंजूर होतील असं वाटायला लागलं होतं. आणि ते तिला सगळ्यात आधी कळलं होतं, कारण तिचा चेहरा पांढरा पडला होता.

मग टीडेमान मंचावर चढले.

"अतिविश्वासू, प्रिय देशबांधवांनो."

घशातून. मासा, काटा, सगळं. खालून एक म्हातारा उद्गारला, "वा, आपला झाला की!" आणि रिंगण सैल पडलं.

"तुम्ही मला आपलं म्हटलंत," टीडेमान म्हणाले. "आणि सरकार छापून सांगतं, माझ्यासारखे निघून जातील. मी झोपेत ऐकलं तरी मला लाज वाटते. तीन टक्क्यांनी काय होणार? एक बस? या खोऱ्याला बस पुरे? माझी दुरुस्ती ऐका. तीन नको. सहा."

ते उतरले.

डाव काय होता ते आम्हाला नंतर कळलं. डोंगरापलीकडच्या त्यांच्या सल्लागारानं शिकवलं होतं: तीन टक्के शहाणपणाचे दिसतात, ते मंजूर होतील. सहा वेडेपणाचे दिसतात. आधी तीन विरुद्ध सहा असं मत होईल. त्यात तुमच्या बाजूचे सगळे सहाला हात वर करतील, तीन मरतील. मग सहा की काहीच नाही, असा प्रश्न येईल, आणि लोक घाबरून काहीच नको म्हणतील. कागदावर झकास डाव. सल्लागाराच्या प्रांतात लोक घरी बसून लिफाफ्यात मत टाकतात, हा एवढाच त्यात घोळ.

आम्हाला नंतर कळलं. डोर्लीला त्याच क्षणी कळलं. टीडेमान आमच्या शेजारी येऊन उभे राहिले आणि त्यांच्या ओठाचा एक कोपरा किंचित वर गेला. ती पुढं झुकून माझ्या कानात म्हणाली, "प्लंबरचं बिल अर्ध्यावर आणलं होतं ना, त्या दिवशी असंच हसले होते." आणि मग, आणखी हळू: "आठ आठवडे माझं भाषण दुरुस्त करत होते रे. माझ्या हातचं खाऊन."

ती कोपरानं वाट काढत निघाली. मंचाच्या पायऱ्या चढताना तिच्या हातात कागद नव्हता.

"अतिविश्वासू, प्रिय देशबांधवांनो. मी डोर्ली स्ट्यूसी, सूचना माझी. मी तीन मागितले, कारण जास्त मागणं बरं दिसत नाही असं मला वाटलं. मी हेर टीडेमान यांच्याकडे नऊ वर्षं कामाला आहे. मी त्यांना ओळखते. तो माणूस उगाच बोलत नाही. अंडं किती मिनिटं उकडायचं हेसुद्धा विचार करून सांगतो. त्यांनी सहा म्हटलं म्हणजे सहाच. इतक्या लोकांसमोर एखादा स्वतःहून देतो आहे, आणि आपण म्हणायचं, नको हो, अर्धंच पुरे? आमच्या एनेटबाखमध्ये याला अपमान म्हणतात. मी माझे तीन सोडते. हेर टीडेमान यांच्या सहाला माझा पाठिंबा आहे."

हसू आलं ते मागच्या फळ्यांवरून. तिथून ते पुढं सरकत आलं, पोरांपर्यंत. लांडामाननं तलवार जरा उचलून आपटली.

"तीन विरुद्ध सहा. जे सहाच्या बाजूनं..."

नारिंगी. नुसतं नारिंगी. डोर्लीवाले, टीडेमानवाले, वकीलसुद्धा. टीडेमानांचं कार्ड सगळ्यात उंच, कारण डाव त्यांचाच होता.

"बहुमत सहाला. आता: सहा टक्के, की काहीच नाही. जे सहाच्या बाजूनं..."

आता इथं लक्ष द्या. डावाप्रमाणे टीडेमानांनी आता कार्ड खाली ठेवायचं होतं. ठेवलं. पण मघाशी मंचावरून ज्यानं सहा मागितले त्याच्याकडेच अख्खं रिंगण मान वळवून बघत होतं. पोरं तर उठून बघत होती. मंचावरून आपल्या जागी परतलेल्या डोर्लीनं आपलं कार्ड वर धरलं, अगदी त्यांच्या नाकासमोर. तिच्या बोटांना सकाळच्या कांद्यांचा वास. मीही धरलं.

लांडामाननं नजर फिरवली. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. आमच्याकडे मतं मोजत नाहीत. तो बघतो, आणि जे दिसतं ते खरं.

"स्पष्ट नाही. पुन्हा. जे सहाच्या बाजूनं..."

टीडेमानांचं कार्ड पोटापाशी. समोरच्या ओळीतली एक म्हातारी वळली. काठी, केसांना जाळी. तिनं त्यांच्याकडे काळजीनं बघितलं.

"अहो, हात दुखतोय का? मी धरू का तुमचं कार्ड?"

"नाही, नाही..."

"लाजू नका हो. एवढं चांगलं बोललात."

आसपासचे चाळीस-पन्नास जण वाट बघत होते. आपण वर करायचं की नाही ते या माणसावर ठरणार, कारण हाच जाणार की राहणार हाच तर हिवाळाभरचा प्रश्न होता. स्वतःच्याच सूचनेविरुद्ध, स्वतःच्याच गावासमोर, त्या आजीच्या समोर हात खाली ठेवणारा माणूस आमच्या खोऱ्यात अजून जन्मला नाही. हॅम्बुर्गमध्ये असेल. टीडेमानांनी एकदा डोर्लीकडे बघितलं. ती समोर बघत होती.

त्यांनी कार्ड वर केलं.

आणि मग ते चाळीस-पन्नास, आणि त्यांच्या मागचे, आणि त्यांना बघून पलीकडचे.

लांडामाननं फार वेळ घेतला नाही. "मंजूर."

दुरुस्ती. (रोझमारी.) तुझी ती म्हातारी म्हणजे माझी आई. आणि तिनं मुद्दाम केलं की भोळेपणानं, हे तिनं मला अजून सांगितलेलं नाही.

मान्य. मला वाटतं मुद्दाम.

दुपारी प्रथेप्रमाणे पांढरी सॉसेजं, कुस्करलेले बटाटे आणि शिजवलेले आलुबुखारे. टीडेमानांना बसायला जागा मिळेना, कारण प्रत्येक टेबलावर त्यांना बसवत होते. ब्रास बँडवाल्यांनी खांद्यावर हात टाकला. नेमबाजी मंडळानं तिथल्या तिथं मानद सदस्य केलं. "मला जरा फोन करायचा आहे," एवढंच ते म्हणत होते, आणि कुणीतरी पुढं ग्लास सरकवत होतं. वकील कोपऱ्यात एकटा सॉसेज सोलत बसला होता. आमच्याकडे ते सालासकट खातात.

सोमवारी सकाळी डोर्ली कामावर गेली. ते न्याहारीच्या टेबलावर बसून होते.

"तू म्हणालीस, मी त्यांना ओळखते."

"हो."

"म्हणजे तुला कळलं होतं."

"हो."

"आणि तुझी नोकरी?"

"तेही कळलं होतं. अंडं चार मिनिटं की पाच?"

"पाच," टीडेमान म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "डोंगरापलीकडेही स्वयंपाकघर आहे. मोठं. चल माझ्याबरोबर. खोली देतो."

"गॅरेजवर?"

"तळ्याकडे तोंड असलेलं गॅरेज आहे."

"हेर," ती म्हणाली, "मी रिंगणात तुमच्यासाठी नाही गेले. झोपायला आपल्या घरी जाता यावं म्हणून गेले."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी अंडं संपवलं, आणि वर्षाच्या शेवटी गेले. कायदा एक जानेवारीपासून, आणि एकतीस डिसेंबरला माणूस जिथं झोपतो तिथला प्रांत त्याचा कर घेतो. दोन ट्रक आले. चिनीमातीचे कप डोर्लीनंच एकेक करून कागदात गुंडाळून दिले. शेवटचा पगार, वर एक महिन्याचा जादा. माणूस वाईट नाही, असं ती परत म्हणाली. मग आठ दिवस ती घरीच बसून होती.

दुरुस्ती. (रोझमारी.) आणि बाकीचे? किती गेले ते सांग. लोक विचारतात.

दोन. टीडेमान आणि एक दातांचा डॉक्टर. डॉक्टरला तसंही जायचं होतं, घटस्फोट होता.

बाकीचे पाच लाखांवरचे, ज्यांची नावं हिवाळाभर कुणालाच माहीत नव्हती, ते मोजून तीस-एक भरले. ते इथंच होते, शांतपणे, फाटक्या स्वेटरमध्ये. डोंगरापलीकडे घरांच्या किमती बघून आले होते म्हणे, आणि परत येऊन स्वेटरच्या बाह्या ओढून गप्प बसले. त्यात मेल्क र्‍हायनर. होय, हरणाचा. त्यानं स्की-हॉटेलवाल्यांना कुरणं भाड्यानं दिली होती, आणि आकड्यावर इतकी शून्यं असतात हे त्याच्या डोक्यात शिरलं नव्हतं. कराचा कागद आला त्या दिवशी तो डेअरीत येऊन ओरडला, "श्रीमंत म्हणजे मी? मी? माझ्या चड्डीला इलास्टिक नाही!"

"पण मेल्क, तू तर सहाला हात वर केलास."

"मला काय माहीत मी आहे म्हणून!"

"मग आता जाणार?"

"कुठं जाऊ? गाई कोण नेणार?"

त्यानं भरले. शिव्या देत भरले, पण भरले.

तर पैसा आला, आणि बस आली, संध्याकाळी साडेआठची. खाली जायची आठला आणि वर यायची साडेआठला, मुक्काम वरच. फक्त ती चालवणार कोण? वरून विचारणा झाली. मी म्हटलं, मी नाही. साडेसातला मी जेवतो. लोकशाही आपल्या जागी, सूप आपल्या जागी. दुसरा चालक खोऱ्यात नाही.

डोर्लीनं उन्हाळ्यातच परवान्यासाठी नाव घातलं होतं. मला सांगितलं नव्हतं. "तुझ्या मागं बसून नऊ वर्षं बघत होते," ती म्हणाली. "तू ब्रेक उशिरा मारतोस."

"कधी?"

"दर वळणावर."

फेब्रुवारीत ती लागली. पहिला आठवडा नियमाप्रमाणे मी शेजारी बसायचं होतं, तर माझं सूप गेलंच. मंगळवारी आम्ही खाली उतरत होतो. बस रिकामी. रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग. टीडेमानांच्या बंगल्याच्या थांब्यावर एक माणूस उभा, लांब कोट, कॉलर वर. डोर्लीनं बस उभी केली. अगदी अलगद. मुद्दाम, मला दाखवायला.

दार उघडलं.

"डोर्ली?" हेर टीडेमान म्हणाले.

"या हो. थंडी आत येते."

ते चढले. बंगला बघायला गिऱ्हाईक येणार होतं, ते आलं नाही. आणि त्यांचा ड्रायव्हर गाडीसकट बोगद्याच्या पलीकडे अडकला होता. स्टेशनपर्यंत जायचं होतं. मग काही वेळ ते नुसतेच उभे राहिले. घरात शिरल्यावर पाहुणा उभा राहतो तसे.

"तिथं कसं आहे?" डोर्लीनं विचारलं.

"शांत," ते म्हणाले. "मत घरी पोस्टानं येतं. मी भरून पेटीत टाकतो. कुणी बघतसुद्धा नाही."

"जेवण?"

त्यांनी पाकीट काढलं. "किती?"

"चार फ्रँक चाळीस."

त्यांच्याजवळ दोनशेची नोट होती. दुसरीही दोनशेची. खिसे चाचपले. कोटाचे, आतले, पँटचे. एका खिशातून कॉफीच्या कपाचं झाकण निघालं, नवा नमुना असावा. डोर्लीनं सुट्ट्या पैशांचा डबा उघडून दाखवला.

"एवढ्याचे सुटे नाहीत, हेर. आणि कार्डाचं यंत्र थंडीनं गोठलंय."

"मग मी उतरू?" त्यांनी खरंच विचारलं. बाहेर बर्फ पडायला लागला होता.

"बसा की हो," डोर्ली म्हणाली, आणि दार लावलं. "तुमचं भाडं खोरं भरतंय."

ते खिडकीजवळ बसले. बस सुटली, आणि पहिलं वळण येईपर्यंत ते सीटच्या दोन्ही बाजूंना हात घालून गाडीतल्यासारखा पट्टा शोधत होते.